मिशारी का धावतो

रियाध, मलाझ
६ सप्टेंबर १९९७

पद्मिनी,

तू उत्तर देत नाहीस म्हणून मी लिहायचं थांबवीन असा तुझा अंदाज असेल तर तो चुकला. पत्रं पोचतात, मला माहीत आहे. परवा फोनवर वेदांत बोलता बोलता म्हणून गेला, बाबा, तुमचं अक्षर आईलाही लागत नाही. आणि मग घाईघाईने परीक्षेचा विषय काढला. म्हणजे वाचतेस. मग हेही वाच.

मी बंदूक चालवायला शिकणार आहे. हस खुशाल. पन्नाशीला आलेला बँकेचा ऑडिटर, डोळ्यांवर जाड भिंगं आणि हातात छऱ्यांची दुनळी! तुझ्या दादांना एवढ्यात सांगू नकोस, मिरजभर करतील.

का ते आधी सांगतो, नाहीतर तू भलतंच धरून बसशील. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं भरायचा हुकूम बँकेत आता जोरात आहे. पद्धत अशी की आपल्या टेबलाला टेबल लावून एक सौदी मुलगा बसवतात. त्याला आपणच शिकवायचं. तो तयार झाला की आपला इकामा, म्हणजे राहायचा परवाना, परत घेतात आणि आपलं तिकीट काढतात. सुदानचा तो हसरा कॅशियर तसाच गेला. आता माझ्या टेबलाला मिशारी लागलाय. आमचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, म्हणाला, काळजी करू नको, तो तयार होईपर्यंत तू आहेस. यात काळजी करू नको कुठे आहे ते मी अजून शोधतोय.

मला फक्त मार्चपर्यंत टिकायचंय. बाप बेकार होऊन घरी आलाय हे बघत वेदांतने बारावीला बसू नये. आणि तुझ्या माहेरच्या ओसरीवर रिकामटेकडा जावई म्हणून मला बसायचं नाही, हेही स्पष्टच सांगतो. तिथे काय बोलतील ते मला इथून ऐकू येतं.

तर हा मिशारी. सत्तावीस वर्षांचा, बुरैद्याकडचा. बापाची खजुराची बाग. नम्र इतका की संशय यावा. मी उठलो की उठतो, मी चहा घेतल्याशिवाय घेत नाही. मला अबू वेदांत म्हणतो. थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारायची त्यांच्यात रीत आहे. 'व' काही त्याच्या जिभेला वळत नाही, त्यामुळे मी अबू फेदांत. आता म्हणतो, सुट्टीत एकटे घरात बसता, ते बरं नाही, आमच्याकडे चला, लाव्यांची शिकार शिकवतो. दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा हो म्हणालो. ज्याची खुर्ची घ्यायची त्याला कुणी पाहुणचाराला नेतं का? काय डाव आहे ते जाऊनच बघावं म्हटलं.

तू म्हणशील, झाला यांचा संशय सुरू. जाताना म्हणालीस ना, तुमच्याशी संसार म्हणजे रोजचं ऑडिट. ते मी विसरलेलो नाही. त्या दिवशी तुझ्या टॅक्सीच्या मागे मी आलो ती काळजी होती. परमुलूख आहे हा.

वेदांतला सांग, फिजिक्सचे जुने पेपर सोडवायला घे.

सदानंद


१३ सप्टेंबर

पद्मिनी,

खांदा निळा पडलाय. लिहिताना दुखतोय, तरी लिहितोय.

बुरैद्याबाहेर त्यांची बाग. खजुराची झाडं, मधे लसूणघासाची हिरवी पट्टी, आणि कुंपण संपलं की उघडा माळ. हा कुणाचा, असं विचारलं तर मिशारी म्हणाला, कुणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा. आपलं गायरान म्हण. जो पहाटे आधी येऊन गाडी उभी करील त्याची त्या तुकड्यावर त्या दिवशी शिकार. उशिरा आलेला लांबूनच हात वर करून पुढे जातो. असं कुठे असतं का, मी मनात म्हटलं. पण माझ्या देखत दोन गाड्या आल्या, हात वर केला आणि गेल्या.

लावे थंडीच्या आधी उत्तरेकडून येतात. रात्रभर उडतात आणि उजाडताना दमून उतरतात. त्यांना नेमकं आपल्यापाशी उतरवायचं म्हणून गाडीच्या बॅटरीला टेपरेकॉर्डर जोडतात आणि लाव्याच्या आवाजाची कॅसेट लावतात. वरून जाणाऱ्याला वाटतं, खाली आपली माणसं आहेत, जागा बरी असणार. ते ऐकत बसलो होतो तेव्हा मला बरं वाटलं नाही. आपल्यालाही अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी 'ये, इथे सगळं उत्तम आहे' असंच सांगितलं होतं.

मग शिकवणी. बसलेल्या पक्ष्यावर गोळी झाडायची नाही, ती हलकट माणसाची शिकार. एका ओळीत चालायचं, पुढे-मागे नाही. पायाशी घास हलतो आणि फुर्रकन लावा उठतो, तो छातीच्या खाली असेपर्यंत घोड्यावर बोट नाही, कारण पलीकडे माणूस असू शकतो. नजरेच्या वर गेला की नळी त्याच्या थोडी पुढे न्यायची आणि मग ओढायचा. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात लावा उठला की माझं काळीजच आधी उडायचं. सगळे नेम हुकले. दस्ता खांद्याला घट्ट लावला नव्हता, त्याचं हे निळं बक्षीस. मिशारीचा बाप, दाढी पांढरीशुभ्र, गाडीच्या टपावर कोपर टेकून बघत होता. म्हणाला, लाव्यांना तू आवडलेला दिसतोस.

इथे आल्यावर जलालभाईंना सांगितलं. आपले मलाझमधले, स्पेअर पार्टवाले, मूळचे रत्नागिरीकडचे. तुला सांगायला नकोच. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, सदाभाऊ, एक गोष्ट ध्यानात आली का? तुम्ही मारलेला पक्षी ते खाऊ शकत नाहीत. मारणारा मुसलमान लागतो, बिस्मिल्ला लागतं. मग तुम्हाला शिकवतात कशाला?

बघ. मी नाही म्हटलं, जलालभाईंनी म्हटलं. वर म्हणाले, आणि तुमच्या इकाम्यावर बंदूक कुठे लिहिलीय? कुणी एक फोन फिरवला तरी काम तमाम.

ते हसत होते. मला काही हसू आलं नाही.

सदानंद


४ ऑक्टोबर

पद्मिनी,

काल माझा पहिला लावा पडला.

तू असतीस तर नाक मुरडलं असतंस, पण खरं सांगतो, अंगावर काटा आला. उठला, वर गेला, नळी पुढे नेली, ओढलं, आणि तो हवेतच दुमडून खाली. मी ओरडलोसुद्धा. पण पुढचं ऐक. मी बंदूक खाली करेपर्यंत मिशारी धावत सुटला होता. पांढऱ्या झग्याचा घोळ दातात धरून, वाळूतून, जीव तोडून. लाव्यापाशी पोचला आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसला. काय केलं ते दिसलं नाही. उठला तेव्हा पक्षी पिशवीत गेलेला. मला दाखव म्हटलं तर म्हणाला, घरी बघा, आता उजेड जाण्याआधी पुढे चला. उजेड कुठला जातोय, सकाळ होती.

नंतरही तेच. मी पाडायचा आणि त्याने धावायचं, पाठ करायची, खाली बसायचं. त्याच्या स्वतःच्या लाव्याला मात्र चालत जातो, उचलतो, सगळ्यांदेखत सुरी फिरवतो. मग माझ्याच पक्ष्याशी असली चोरटी धावपळ का? दुपारी भातावर लावे आले. सगळे एकाच परातीतून जेवले, माझ्या पुढ्यात तर बापाने स्वतःच्या हाताने तुकडे सारले. माझे यात कुठले, मी विचारलं. मिशारी म्हणाला, सगळे तुमचेच, अबू फेदांत. हे काय उत्तर झालं?

बँकेतलं याहून वाईट आहे. हा मुलगा हुशार आहे. सुरुवातीला एकदा सांगितलं की पाठ. गेल्या महिन्यापासून मात्र चुका करायला लागलाय. शनिवारी जो ताळा बिनचूक लावला तोच मंगळवारी चुकवतो. आणि चुकवतो तेसुद्धा अशा ठिकाणी की खाली माझी सही असते. मी पकडतो म्हणून बरं. ज्याला येतं तो माणूस अशा चुका करत नसतो, पद्मिनी, तो चुका पेरत असतो. एखादी माझ्या नजरेतून सुटावी आणि मला कामचुकार म्हणून मार्चच्या आत हाकलावं, हा हिशेब सरळ दिसतो. आणि आज मुदीर जिन्यात मला विचारतो, काय, शिकार कशी चाललीय? मी बँकेत कुणालाही सांगितलेलं नाही. मग कुणी सांगितलं?

जलालभाईंच्या शरफुन्निसाभाभी भेटल्या होत्या. त्यांची अरवा आता बाराखडी पुरी लिहिते म्हणाल्या, तू शिकवलेली. इंग्रजी शाळेतल्या मुलीला घरचे शब्द लिहिता यावेत म्हणून त्यांनीच तुला गळ घातली होती, तेही म्हणाल्या. मी नुसतं हो म्हटलं. म्हणजे त्या दिवशी तुझी टॅक्सी तिकडेच निघाली होती. हे तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. सांगितलं होतंस बहुतेक. असो.

सदानंद


२२ ऑक्टोबर

पद्मिनी,

आज मन थाऱ्यावर नाही, अक्षर समजून घे.

गेल्या शुक्रवारी मी छडा लावला. माझा लावा पडला, मिशारी धावला, बसला, उठला. तो पुढे गेल्यावर मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून मागे राहिलो आणि तो जिथे बसला होता तिथली वाळू पायाने सारली. खाली माझा लावा. पुरलेला! अजून ऊन होता. पुढे दुसऱ्या जागी पाहिलं तर तिथेही एक.

समजलं तुला? माझ्या हातचा पक्षी यांना विटाळ. तो मातीत पुरायचा आणि परातीवर बसून 'सगळे तुमचेच' म्हणायचं. माझ्या तोंडावर खोटं. मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हटलं. म्हातारा जिऱ्याचा काढा घेऊन आला, तोही घेतला नाही. परतीच्या वाटेवर मिशारी बोलत होता, मी खिडकीबाहेर बघत होतो. तेव्हाच ठरवलं.

काल मुदीरकडे गेलो. जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण रात्रभर तेच कानात घुमतंय.

मी म्हणालो, "मिशारी तुम्हाला फसवतोय. त्याला सगळं काम येतं आणि तो मुद्दाम चुका करतो."

मुदीरने पेन खाली ठेवलं. "सगळं येतं?"

"सगळं. माझ्याइतकं. महिना होऊन गेला असेल."

"नक्की?"

"मी ऑडिटर आहे," मी म्हणालो. केवढ्या तोऱ्यात म्हणालो म्हणून सांगू!

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. मग म्हणाला, "मग खलास, मिस्टर सदानंद. तुझं काम झालं. मी तर तुला उन्हाळ्यापर्यंत धरलं होतं."

बाहेर येऊन पाण्याच्या मशीनपाशी उभा राहिलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो तयार होईपर्यंत मी, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. आणि मी माझ्या पायाने चालत जाऊन सांगून आलो की तो तयार आहे. नोव्हेंबरच्या मध्याला माझा शेवटचा दिवस. मिशारीला बँकेशी खोटेपणा केल्याबद्दल समज मिळाली आणि यान्बूच्या लहान शाखेत बदली. रिफायनऱ्या आणि समुद्र, बाकी काही नाही तिथे. लग्न ठरलंय त्याचं बुरैद्यात.

वेदांतला यातलं काही सांगू नकोस. रजा टाकून येतोय म्हण. काहीही म्हण.

एक गोष्ट मात्र उमगत नाही. समज घेऊन बाहेर आल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला, फायली नीट रचल्या, माझा चहाचा कप सवयीने उचलून नेला.  डाव उधळला गेलेला माणूस असा वागतो का?

सदानंद


८ नोव्हेंबर

पद्मिनी,

बुरैद्याला जाऊन आलो. कुणी बोलावलं नव्हतं.

जाण्याआधी जलालभाईंना सगळं सांगितलं होतं, पुरलेल्या लाव्यांपासून. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, सदाभाऊ, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं, ते माझंही चुकलं. तुम्ही पाडलेला पक्षी जिवंत हाती लागला आणि मुसलमानाने बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली, तर तो चालतो. मेलेला मिळाला तर नाही. तो पोरगा त्यासाठी धावत होता. तुमचा पक्षी मरायच्या आत.

मी दुकानातल्या त्या स्टुलावर बसून राहिलो. त्यांनी चहा मागवला तो निवून गेला.

म्हणून गेलो. मिशारी घरी नव्हता, यान्बूला सामान पाठवायला गेला होता. म्हाताऱ्याने दार उघडलं, आत घेतलं, कहवा दिला. मला वाटलं होतं हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं. अकरा वर्षांत जमवलेली माझी मोडकी अरबी, तीत मी विचारलं, तो मेलेले लावे लपवून का पुरत होता?

म्हातारा म्हणाला, "पाहुण्याचा पक्षी टाकून दिलेला पाहुण्याला दिसू नये म्हणून. सकाळी निघताना मला सांगायचा, बाबा, तुम्ही टपाजवळ उभे राहून त्यांना बोलण्यात गुंतवा."

मग मी दुसरं विचारलं. बँकेतल्या चुका. म्हाताऱ्याने दाढीवरून हात फिरवला. म्हणाला, "तुझ्या मुलाची परीक्षा मार्चमध्ये आहे ना? तूच त्याला सांगितलंस, एकदा गाडीत. तो घरी येऊन म्हणाला, मी लवकर शिकलो तर अबू फेदांतला जावं लागेल. मी म्हटलं, मग हळू शिक. हा सल्ला माझा होता. दोष द्यायचा तर मला दे."

 मुदीरला शिकारीचं कुणी सांगितलं तेही म्हाताऱ्याकडूनच कळलं. मिशारीनेच. उस्तादांनी, म्हणजे मी, पहिला लावा पाडला म्हणून तो बँकेतल्या सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटला होता.

संध्याकाळी मिशारी आला. मला बघून उभा राहिला, सलाम केला, हातात हात दिला. मी माफी मागितली. इंग्रजीत मागितली, अरबीत मागितली, शेवटी शब्द सुचेनात तेव्हा मराठीतही काहीतरी बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काही नाही, मिस्टर सदानंद. यान्बू चांगलं आहे." आणि कहवा ओतायला वळला. तेवढंच. मला वाटत होतं रागवावं, भांडावं, निदान का असं केलंत म्हणून विचारावं. नाही विचारलं. त्याला माझ्याकडून आता काही जाणूनच घ्यायचं नव्हतं. सगळा परतीचा रस्ता मी रडत आलो. बसमध्ये शेजारचा पाकिस्तानी म्हणाला, क्या हुआ चाचा, घर में सब खैरियत? मी म्हटलं, हो.

लोकांना वाटेल सौदीकरणात माझी नोकरी गेली. जलालभाईसुद्धा चारचौघांत तसंच सांगणार आहेत, माझी लाज राखायला. तुला मात्र खरं माहीत असू दे. मला कुणी काढलं नाही. एक माणूस माझ्यासाठी धावत होता आणि मी त्याच्या मागे वाळू उकरत होतो.

आणि तुझ्याबाबतीत काही वेगळं केलं असं मला आता म्हणवत नाही. त्या दिवशी तू टॅक्सीतून उतरलीस, मागे वळून मला पाहिलंस, आणि काहीच बोलली नाहीस. मिशारीच्या दिवाणखान्यात बसून मला एकाएकी तुझा तो चेहरा आठवला. त्यानंतर घरात तू मला काही विचारायचंच सोडलं होतंस. माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, गप्प आहे म्हणजे काहीतरी लपवतेय.

सोळा तारखेला मुंबईत उतरतोय. तिथून थेट मिरजेला येणार नाही. दादरला चुलतभावाकडे थांबतो, त्याचा फोन नंबर वेदांतकडे आहे. ओसरीवर लोक काय म्हणतील याची आता मला फिकीर नाही, बेकार तर बेकार. पण तुझ्या मनात नसताना तुझ्या दारात उभा राहणार नाही. वेदांतची परीक्षा होईपर्यंत येऊ नका म्हणालीस तर मार्चपर्यंत थांबीन. कधीच येऊ नका म्हणालीस तर तेही ऐकीन. या म्हणालीस तर मिळेल त्या गाडीने निघेन.

फोन वेदांतकरवी करू नकोस, तू कर. आणि हो म्हण की नाही, मी वेदांतला विचारणार नाही, दादांना विचारणार नाही, आई खरंच असं म्हणाली का म्हणून कुणाकडून काढून घेणार नाही. तू जे सांगशील ते मी खरं धरीन.

तुझा,
सदानंद